ओकलंडहून आलेलं जेवण

सॅन फ्रान्सिस्को शहरात युनायटेड नेशन्स प्लाझाच्या चौकात ५० क्रमांकाची भव्य दगडी सरकारी इमारत आहे. ५ एप्रिल १९७७ला तिच्यासमोर अपंगांची सभा झाली आणि सभा संपल्यावर लोक घरी जाण्याऐवजी आत शिरले. चौथ्या मजल्यावर आरोग्य, शिक्षण आणि कल्याण खात्याचं विभागीय कार्यालय होतं. तिथं शंभरावर माणसांनी ठाण मांडलं. कुणी चाकाच्या खुर्चीत, कुणी अंध, कुणी कर्णबधिर. बहुतेकांनी एका रात्रीच्या मुक्कामाचीही तयारी केली नव्हती. ज्यांना झोपेत कूस बदलायला दुसऱ्याचा हात लागतो, ज्यांची लघवी नळीवाटे काढावी लागते, ज्यांची औषधं थंड ठेवावी लागतात, अशी माणसं त्यांच्यात होती. त्यांनी सरकारी कचेरीच्या फरशीवर रात्र काढायची म्हणजे काय, हे ज्याच्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे त्याला वेगळं सांगायला नको. हे धरणं ३० एप्रिलपर्यंत चाललं. अमेरिकेत केंद्र सरकारची इमारत शांततेच्या मार्गानं इतके दिवस कुणी ताब्यात ठेवलेली नाही.

त्याच दिवशी इतर शहरांतही धरणी सुरू झाली होती. वॉशिंग्टनमध्ये आत बसलेल्यांना जेवण मिळू दिलं नाही, तेव्हा दुसऱ्या दिवशीच त्यांना बाहेर पडावं लागलं. सॅन फ्रान्सिस्कोत लोक टिकले, त्यामागे बाहेरून आलेली मदत होती. फोन तोडले गेले तेव्हा कर्णबधिर आंदोलक खिडकीत उभे राहून खुणांच्या भाषेत खाली रस्त्यावर निरोप देऊ लागले. औषधांसाठी एअर कंडिशनरच्या तोंडाला खोका चिकटवून कामचलाऊ फ्रीज तयार झाला. महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांनी गाद्या पाठवल्या. समलिंगी तरुणांच्या एका गस्ती गटानं वॉकी-टॉकी आत पोचवले. ग्लाइड चर्चची माणसं आली, कामगार संघटना आल्या. आणि खाडीपलीकडच्या ओकलंडहून ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते रोज गरम जेवण घेऊन येऊ लागले.

कॉर्बेट ओ'टूल या तेव्हा आत बसलेल्या अपंग कार्यकर्तीनं पुढे अनेकदा सांगितलेली आठवण आहे. पँथर पहिल्यांदा जेवण घेऊन आले तेव्हा पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्यांनी त्यांना अडवलं. पँथरांनी शांतपणे सांगितलं की जेवण आत जाणार आहे. अडवलंत तर आम्ही परत ओकलंडला जाऊ, आणखी पँथर घेऊन येऊ, आणि मग काय व्हायचं ते होईल. दार उघडलं. त्यानंतर दररोज संध्याकाळी जेवण आलं. ओ'टूल यांच्या मते पँथर नसते तर हे धरणं टिकलंच नसतं.

पँथरांना स्वयंपाकाची सवय होती, हे विसरून चालणार नाही. हातात बंदूक, अंगात काळं जाकीट एवढंच त्यांचं चित्र आपल्यापर्यंत पोचलं आहे. पण १९६६मध्ये ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ओकलंडमध्ये स्थापन केलेल्या या पक्षानं जानेवारी १९६९पासून शाळकरी मुलांना मोफत न्याहारी द्यायला सुरुवात केली होती. ओकलंडच्या एका चर्चमध्ये सुरू झालेलं ते काम पुढे अनेक शहरांत गेलं. मोफत दवाखाने निघाले, धान्याच्या पिशव्या वाटल्या गेल्या. उपाशी माणसाला हक्काची भाषा सांगायची तर आधी जेवू घालावं लागतं, हे त्यांनी रोजच्या कामातून शिकून घेतलं होतं. शंभरावर माणसांचं जेवण रोज पूल ओलांडून नेणं त्यांना जमलं ते या तालमीमुळे.

पण ते आले कशासाठी? याचं उत्तर आत बसलेल्या एका माणसात होतं. ब्रॅड लोमॅक्स. वय २६. कृष्णवर्णीय, पँथर पक्षाचा कार्यकर्ता, आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारामुळे चाकाच्या खुर्चीत. त्याचा मदतनीस चक जॅक्सन हाही पँथरच. जॅक्सन लोमॅक्सची काळजी घ्यायचा आणि आतल्या इतरांचीही. लोमॅक्स फिलाडेल्फियात जन्मला. वॉशिंग्टनमध्ये त्यानं पँथरांची शाखा उभी करायला मदत केली, आफ्रिकी मुक्तीसाठीच्या १९७२च्या मोठ्या मोर्चाच्या तयारीत तो होता. आजार वाढत गेला आणि तो ओकलंडला आला. तिथली बस त्याच्यासाठी नव्हतीच. त्याचा भाऊ त्याला खुर्चीतून उचलून पायऱ्या चढून आसनावर बसवायचा, मग खाली येऊन खुर्ची वर न्यायचा. रोझा पार्क्स यांच्यासारख्यांच्या लढ्यानंतर कृष्णवर्णीयांना बसमध्ये हवं तिथं बसायचा हक्क मिळाला होता. लोमॅक्सला बसमध्ये चढताच येत नव्हतं.

१९७५मध्ये त्यानं बर्कलीच्या एड रॉबर्ट्स यांना गाठलं आणि पूर्व ओकलंडच्या कृष्णवर्णीय वस्तीत अपंगांसाठी एक केंद्र सुरू करायचं सुचवलं. रॉबर्ट्स यांनी बर्कलीत 'सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग' उभं केलं होतं. अपंगांनी अपंगांसाठी चालवलेली ती संस्था म्हणजे त्या चळवळीचं माहेरघर. पण तिथं येणारे बहुतेक गोरे होते. लोमॅक्सच्या आग्रहानं पूर्व ओकलंडमध्ये छोटी शाखा निघाली. अपंगांच्या चळवळीची आणि पँथरांची ओळख अशी दोन वर्षं आधीच झालेली होती. १९७७च्या जेवणाचं मूळ तिथं आहे.

आता हे लोक नेमके कशासाठी बसले होते ते सांगायला हवं, कारण त्या मागणीतही वर्णभेदाविरुद्धच्या लढ्याचा धागा आहे. १९७३च्या पुनर्वसन कायद्यात ५०४ क्रमांकाचं एक कलम होतं. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कुठल्याही कामात पात्र व्यक्तीला केवळ अपंगत्वामुळे वगळता येणार नाही, एवढा त्याचा आशय. त्याची वाक्यरचना १९६४च्या नागरी हक्क कायद्यातल्या वर्णभेदविरोधी तरतुदीवरून उचलली होती. तिथं वंश, वर्ण, राष्ट्रीयत्व होतं, इथं अपंगत्व आलं. वाक्य कायद्यात आलं, पण अंमलबजावणीची नियमावली तीन वर्षांहून अधिक काळ सहीवाचून पडून राहिली. शाळा, रुग्णालयं, विद्यापीठं यांना खर्चाची धास्ती होती. फोर्ड यांच्या सरकारनं सही टाळली. १९७७च्या जानेवारीत कार्टर आले, त्यांचे मंत्री जोसेफ कॅलिफॅनो यांनी फेरविचाराला वेळ मागितला, आणि फेरविचारात नियमांतले दात काढून घेतले जाणार अशी कुणकुण लागली.

धरण्याच्या दहाव्या दिवसाच्या सुमारास काँग्रेसचे दोन सदस्य, फिलिप बर्टन आणि जॉर्ज मिलर, यांनी त्याच इमारतीत सुनावणी घेतली. खात्यातर्फे आलेल्या अधिकाऱ्यानं विचाराधीन बदलांची यादी वाचली. अपंग मुलांसाठी वेगळ्या शाळांना वाट करून देणारी कल्पना त्यात होती. 'वेगळे पण समान' हे शब्द उच्चारले गेले आणि सभागृह पेटलं. १८९६पासून १९५४पर्यंत कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या शाळेबाहेर ठेवायला अमेरिकी न्यायालयांनी हेच तत्त्व वापरलं होतं. धरण्याच्या नेत्या जुडी ह्यूमन त्या दिवशी बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज कापत होता, हे चित्रफितीत आजही ऐकू येतं. ते बोलणं ऐकताना अधिकारी मान डोलवत होता. आम्ही काय म्हणतोय ते तुम्हाला कळत नसताना अशी मान डोलवू नका, असं त्यांनी त्याला बजावलं. पुढे तो अधिकारी उठून एका खोलीत गेला, तेव्हा बर्टन त्याच्यामागे जाऊन दारावर लाथा मारू लागले.

ह्यूमन यांना हे शब्द इतके का झोंबले? लहानपणी पोलिओ झालेल्या या मुलीला ब्रुकलिनच्या शाळेनं प्रवेश नाकारला होता. चाकाच्या खुर्चीमुळे आग लागल्यास धोका होईल असं कारण दिलं होतं. तिचे आईवडील नाझी जर्मनीतून सुटून आलेले ज्यू निर्वासित. माणसांना वेगळं काढलं की पुढे काय होऊ शकतं हे त्या घराला कुणी शिकवायची गरज नव्हती. मोठी झाल्यावर शिक्षिकेची परीक्षा ती उत्तीर्ण झाली, वैद्यकीय तपासणीत मात्र नापास ठरवली गेली. १९७०मध्ये तिनं न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळावर दावा लावला. तो ज्यांच्यासमोर आला त्या न्यायाधीश होत्या कॉन्स्टन्स बेकर मोटली, अमेरिकेच्या केंद्रीय न्यायव्यवस्थेतल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला न्यायाधीश. शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४च्या ब्राउन खटल्याची मूळ फिर्याद लिहिणाऱ्या याच. मिसिसिपी विद्यापीठात जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय तरुणाला प्रवेश मिळवून देणाऱ्या वकील याच. मोटली यांनी मंडळाला फेरविचार करायला सांगितलं, तडजोड झाली आणि ह्यूमन शिकवू लागल्या. मेरेडिथ ज्या शरद ऋतूत मिसिसिपीच्या दारातून आत गेला, त्याच १९६२च्या शरद ऋतूत एड रॉबर्ट्स बर्कली विद्यापीठात दाखल झाले होते. मानेखाली लुळे, रात्री लोखंडी श्वसनयंत्रात झोपणारे. कुठलंच वसतिगृह ते यंत्र ठेवायला तयार नव्हतं, म्हणून विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या खोलीत ते राहायचे.

एप्रिलच्या मध्यानंतर आंदोलकांनी एक तुकडी थेट वॉशिंग्टनला पाठवली. लोमॅक्स आणि जॅक्सन तिच्यात होते, त्यांच्या प्रवासाचा खर्च पँथर पक्षानं केला. राजधानीत चाकाच्या खुर्च्या नेणारी वाहनं नव्हती. यंत्रकामगारांच्या संघटनेनं मालवाहू ट्रक भाड्यानं घेतला. बिनखिडक्यांच्या त्या ट्रकच्या काळोखात खुर्च्या एकमेकींवर आदळू नयेत म्हणून माणसं एकमेकांना धरून बसायची. मंत्र्यांच्या घराबाहेर मेणबत्त्या लावून प्रार्थना झाल्या. २८ एप्रिलला कॅलिफॅनोंनी नियमावलीवर सही केली, कुठलाही मोठा बदल न करता. पुढे १९९०मध्ये 'अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज' हा व्यापक कायदा झाला, त्याचा पाया हीच नियमावली.

आता जे सांगायचं आहे ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. या विजयाची कथा पुढे सांगितली गेली तेव्हा लोमॅक्स तिच्यातून जवळजवळ गळून गेला. १९८४मध्ये, वयाच्या ३३व्या वर्षी, तो वारला. त्या वेळी मोठ्या वृत्तपत्रांत त्याच्यावर काही आलं नाही. न्यूयॉर्क टाइम्सनं त्याचा मृत्युलेख छापला तो २०२०मध्ये, दुर्लक्षित राहिलेल्या माणसांच्या मालिकेत. आंदोलकांचा हुरूप घोषणा आणि गाण्यांनी टिकवणारा डेनिस बिलअप्स, अंध आणि कृष्णवर्णीय, तोही असाच कडेला राहिला. छायाचित्रं होती. पँथरांच्या वृत्तपत्रानं त्या वेळी धरण्याच्या बातम्या छापल्या होत्या. साधनं हाताशी होती, पण अपंगांचा इतिहास लिहिणाऱ्यांना लोमॅक्स पँथर वाटला आणि पँथरांचा इतिहास लिहिणाऱ्यांना तो आजारी माणूस वाटला.

असंच फॅनी लू हेमर यांच्या बाबतीत झालं. मिसिसिपीच्या या शेतमजूर बाईनं मतदानाच्या हक्कासाठी देश हलवला. सहाव्या वर्षी पोलिओ झाल्यानं त्या लंगडत चालायच्या, १९६१मध्ये त्यांच्या संमतीविना त्यांचं गर्भाशय काढलं गेलं, आणि १९६३मध्ये विनोना गावच्या तुरुंगातल्या मारहाणीनं मूत्रपिंडाला कायमची इजा झाली. मारहाण सगळे सांगतात. पोलिओ क्वचितच कुणी सांगतं. अपंगत्व हे वीरगाथेला गालबोट आहे असं ती सांगणाऱ्यांना कुठेतरी वाटत आलं, आणि ते मला अन्यायाचं वाटतं. अपंग शरीर घेऊन त्यांनी जे केलं ते त्या शरीरासकटच सांगायला हवं.

या दुहेरी अवस्थेबद्दल सर्वांत स्पष्ट जॉनी लेसी बोलल्या आहेत. त्या कृष्णवर्णीय. तारुण्यात पोलिओ झाला, पुढे कॅलिफोर्नियात हेवर्डच्या अपंग केंद्राच्या प्रमुख झाल्या. बर्कली विद्यापीठानं अपंग चळवळीतल्या माणसांच्या दीर्घ मुलाखती जतन केल्या आहेत, त्यांत त्यांचीही आहे. एका महाविद्यालयानं त्यांना वाचादोषांवरच्या उपचारांच्या अभ्यासक्रमात घ्यायला नकार दिला. तेव्हा त्यांनी विभागप्रमुखाला ऐकवलं की मी केवळ स्त्री असते किंवा केवळ काळी असते तर हे करायची तुमची हिंमत झाली नसती, अपंग असल्यामुळेच तुम्ही हे करू शकता. पण त्याच मुलाखतीत त्या पुढे आपल्याच लोकांकडे वळतात. गोऱ्या अपंगांत आपण काळ्या म्हणून परक्या राहिलो आणि काळ्या समाजात अपंग म्हणून, असं त्या सांगतात. समाजाला अपंग माणूस दिसतच नव्हता, आणि दिसला तर त्याला बरं करण्यासाठी दिसायचा.

कर्णबधिरांच्या शाळांचा इतिहास तर या दुहेरी परकेपणाचा लख्ख पुरावाच आहे. वॉशिंग्टनमधल्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या विद्यापीठाच्या आवारातल्या केंडल शाळेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीनंतर कृष्णवर्णीय कर्णबधिर मुलांना घेत नसत. त्यांना शेजारच्या मेरीलँड राज्यातल्या शाळेत पाठवलं जाई. लुईझ मिलर या आईला हे पटलं नाही. आपलं कर्णबधिर मूल घराजवळच्या शाळेत शिकलं पाहिजे म्हणून त्यांनी दावा लावला आणि १९५२मध्ये तो जिंकला. शाळेनं मुलं घेतली खरी, पण त्यांच्यासाठी आवारातच वेगळी, साधनांची वानवा असलेली इमारत बांधून. १९५४च्या ब्राउन निकालानंतर ती बंद झाली. त्या मुलांना पदविकेचा कागद कधी मिळालाच नाही. तो मिळाला २२ जुलै २०२३ला, जेव्हा गॅलॉडेट विद्यापीठानं माफी मागून २४ विद्यार्थी आणि ४ कृष्णवर्णीय शिक्षक यांचा समारंभपूर्वक सन्मान केला. बरेच जण तोवर वारले होते, त्यांच्या वतीनं मुलं-नातवंडं आली.

वेगळेपणातून एक विलक्षण गोष्टही घडली. १८८०नंतर गोऱ्या कर्णबधिर मुलांच्या शाळांत खुणांवर बंदी आली. हात मागे बांधून ओठ वाचा, तोंडानं बोला, हे शिक्षण. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांवर पैसाही कमी आणि लक्षही कमी, त्यामुळे तिथं खुणा चालूच राहिल्या. त्या शाळांत वाढलेली खुणांची बोली आज ब्लॅक अमेरिकन साइन लँग्वेज म्हणून ओळखली जाते. गोऱ्यांच्या खुणांपेक्षा तिच्यात दोन्ही हातांचा वापर जास्त, हातवारे ऐसपैस. कॅरोलिन मॅकॅस्किल यांनी तिचा अभ्यास केला. त्या स्वतः अलाबामात कृष्णवर्णीय कर्णबधिरांच्या शाळेत शिकल्या. १९६८मध्ये शाळा एकत्र झाल्यावर त्यांना टॅलाडेगाच्या गोऱ्या मुलांच्या शाळेत पाठवलं गेलं, आणि वर्गात बसल्यावर समोरच्या शिक्षकाच्या खुणाच त्यांना कळेनात. आपल्या खुणा गावंढळ आहेत असं समजून त्यांनी त्या बाजूला ठेवल्या, घरी आणि मैत्रिणींत मात्र त्याच वापरल्या. पुढे त्या गॅलॉडेटमध्ये प्राध्यापक झाल्या आणि त्याच खुणांवर २०११मध्ये सहकाऱ्यांसह ग्रंथ लिहिला. खेड्यातून पुण्या-मुंबईच्या शाळेत आलेल्या आणि तोंड उघडताच वर्ग हसलेल्या कुठल्याही मुलाला मॅकॅस्किल यांची ही गोष्ट आपली वाटेल.

गॅलॉडेट विद्यापीठातूनच १९५४मध्ये पदवी घेणारे पहिले कृष्णवर्णीय म्हणजे अँड्र्यू फॉस्टर. अकराव्या वर्षी मेंदूज्वरानं ऐकू येणं गेलं. त्यांनी १९५७पासून आफ्रिकेत कर्णबधिरांसाठी ३०हून अधिक शाळा काढल्या. यातल्या अनेक देशांत त्याआधी अशी शाळाच नव्हती.

बाजूला ठेवलेल्या खुणांवर मॅकॅस्किल यांनी ग्रंथ लिहिला, तिथं अभिमानाचा मुद्दा येतो. अपंगत्वाचा अभिमान ही कल्पना आपल्याकडे अनेकांना खटकते. दुखणं, वेदना, परावलंबन यांचा अभिमान कसा बाळगायचा, असं विचारतात. या चळवळीतली माणसं वेदनेचा अभिमान बाळगत नाहीत. आपल्याला लपवून ठेवण्याच्या प्रथेला त्यांनी दिलेलं ते उत्तर आहे. अमेरिकेत या अभिमानाचा पहिला दिवस बॉस्टनमध्ये ऑक्टोबर १९९०मध्ये साजरा झाला, २००४मध्ये शिकागोत मोठी मिरवणूक निघाली आणि आता जुलै हा त्याचा महिना मानला जातो. त्यांचा एक झेंडाही आहे. अॅन मॅगिल यांनी २०१९मध्ये काळ्या पार्श्वभूमीवर विजेसारख्या नागमोडी भडक रंगपट्ट्यांचा झेंडा केला. स्क्रीनवर तो सरकताना लुकलुकल्यासारखा दिसे आणि अर्धशिशी किंवा फेफरं असलेल्यांना त्याचा त्रास होई. लोकांनी तसं कळवल्यावर २०२१मध्ये त्यांनी झेंडा बदलला. पट्ट्या सरळ केल्या, रंग सौम्य केले. त्यातला पांढरा पट्टा न दिसणाऱ्या अपंगत्वांचा आहे, आणि तो मनात ठेवावा, कारण पुढे विदर्भात त्याचं काम पडणार आहे.

मिरवणुकींतही गोरे चेहरेच पुढे राहिले. म्हणून २००५च्या सुमारास पॅटी बर्न, लिरॉय मूर, मिया मिंगस, स्टेसी मिलबर्न अशा अपंग कार्यकर्त्यांनी वेगळी मांडणी सुरू केली. हक्क कायद्यात मिळाले, पण ज्याच्याकडे वकील, घर आणि मदतनीसाचा पगार आहे त्यालाच ते वापरता येतात, हे त्यांचं म्हणणं. काळा, गरीब, निर्वासित, समलिंगी अपंग माणूस मध्यभागी ठेवून चळवळ आखा, असा त्यांचा आग्रह. जॉर्जिया राज्यातल्या लोइस कर्टिस या कृष्णवर्णीय महिलेची गोष्ट ते दाखला म्हणून देतात. बौद्धिक अपंगत्व आणि मनोविकार यांमुळे तिला सरकारी इस्पितळात ठेवलं होतं. डॉक्टर म्हणत की ती बाहेर राहू शकते, सरकार सोय करत नव्हतं. ती मोफत कायदा केंद्राला फोन करून विचारत राहायची, मी इथून केव्हा बाहेर पडणार? २२ जून १९९९ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की विनाकारण संस्थेत डांबून ठेवणं हाही भेदभाव आहे. हजारो अपंगांना त्या निकालानं घर मिळालं. कर्टिस पुढे चित्रकार झाली आणि २०११मध्ये व्हाइट हाउसमध्ये ओबामांना तिनं आपलं चित्र दिलं.

मिलबर्न पूर्व ओकलंडमध्येच राहायची, लोमॅक्सनं केंद्र मागितलं त्याच भागात. २०२०च्या करोनात ती आणि तिचे अपंग मित्र घरात हात धुण्याचं द्रावण बनवून रस्त्यावरच्या बेघरांना पोचवत होते. त्याच वर्षी मे महिन्यात, तिच्या ३३व्या वाढदिवशी ती गेली. लोमॅक्सही ३३व्या वर्षीच गेला होता. तिचं चित्र आता अमेरिकेच्या २५ सेंटच्या नाण्यावर आहे.

या इतिहासाशी मराठी माणसाचं नातं जुनं आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांपुढच्या निग्रोंच्या अर्जाची प्रत मागितली. आणि १९७२मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि त्यांच्या सोबत्यांनी संघटना काढली तेव्हा तिचं नावच ओकलंडवरून घेतलं. दलित पँथर. ज्या पक्षाच्या नावानं वरळी-नायगावच्या चाळी दुमदुमल्या त्याच पक्षाचे लोक पाच वर्षांनी अपंगांना जेवण पोचवत होते, हे आपल्याकडे फारसं सांगितलं गेलेलं नाही.

यातला एक धागा मला फार मोलाचा वाटतो. १९७१च्या सुमारास ब्लॅक पँथरांनी सिकलसेलची मोफत रक्ततपासणी सुरू केली. या आनुवंशिक विकारात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडांत, छातीत, पोटात असह्य कळा येतात. पुन्हापुन्हा रक्त चढवावं लागतं. अमेरिकेत तो प्रामुख्यानं कृष्णवर्णीयांत आढळतो, म्हणून त्यावर पैसा आणि संशोधन कमी, हे पँथर जाहीरपणे सांगत. १९७२मध्ये निक्सन सरकारला त्यासाठी कायदा करावा लागला.

तोच सिकलसेल गडचिरोलीत, चंद्रपुरात, गोंदियात, मेळघाटात आणि नंदुरबारात आहे. गोंड, माडिया, कोरकू, पावरा, भिल्ल या आदिवासींत आणि विदर्भातल्या दलितांत तो मोठ्या प्रमाणावर आढळतो. नागपूरच्या संपत रामटेके यांनी आयुष्य या रुग्णांच्या हक्कांसाठी घालवलं, २०१८मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. २०१६च्या अपंग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे २१ प्रकार मानले, त्यांत सिकलसेल आलं. पण त्याच कायद्यानं सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण दिलं तेव्हा त्या यादीत अंध, कर्णबधिर, चलनवलनाचं अपंगत्व असलेले, स्वमग्न, मनोविकारग्रस्त आले, रक्तविकार आले नाहीत. महिन्यातून चार दिवस कळांनी तळमळणारा धडगावचा मुलगा बाहेरून धडधाकट दिसतो. झेंड्यातला पांढरा पट्टा त्याचा आहे. कायद्यानं त्याला अपंग म्हटलं आणि नोकरीच्या दाराशी आणून सोडलं.

इथं मला आपल्या दोन्ही चळवळींना काही विचारायचं आहे. आपल्याकडच्या अपंगांच्या संघटनांनी रॅम्प, लिफ्ट, लेखनिक, लोकलचा डबा यांसाठी चिवट लढे दिले, त्यांचं ऋण मोठं आहे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी 'चाकाची खुर्ची' लिहून एका पिढीला ताठ बसायला शिकवलं. जातिअंताच्या चळवळीनं तर महाराष्ट्र घडवला. पण अपंगांच्या परिषदेत जातीचा विषय आणि आंबेडकरी मेळाव्यात अपंगांचा विषय मुख्य ठरावात किती वेळा येतो? दलित वस्तीतली अंध मुलगी शाळेपर्यंत पोचते तेव्हा तिला अडवणारी भिंत जातीची की अपंगत्वाची, हे तिला निवडता येत नाही.

आकडे हाताशी आहेत. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले, महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार. अनुसूचित जातींत अपंगांचं प्रमाण २.४५ टक्के होतं, अनुसूचित जमातींत २.०५ आणि उरलेल्या लोकसंख्येत २.१८. दलितांत प्रमाण जास्त का, याची कारणं शोधायला हवीत: गटार सफाई, वीटभट्टी, दगडखाण, आईचं कुपोषण, दवाखान्याचं अंतर. आदिवासींत ते कमी दिसतं, पण त्या वेळी सिकलसेल मोजण्याची सोयच प्रश्नावलीत नव्हती. तिथं अपंगत्वाचे आठच प्रकार होते.

पुढची जनगणना २०२७मध्ये आहे आणि तिच्यात प्रत्येकाची जात नोंदली जाणार आहे. भटके-विमुक्त, ओबीसी यांच्यातल्या अपंगांचं चित्र पहिल्यांदाच समोर येऊ शकतं, पण त्यासाठी तीन गोष्टी आत्ताच मागायला हव्यात. कायद्यातले २१ही प्रकार प्रश्नावलीत यावेत. प्रगणकांच्या प्रशिक्षणात न दिसणाऱ्या अपंगत्वांबद्दल कसं विचारायचं ते शिकवलं जावं, आणि ते प्रशिक्षण धडगाव, भामरागड, धारणी इथं स्थानिक बोलीत व्हावं. आणि अपंगत्वाचे तक्ते जातीनिहाय, जिल्हानिहाय प्रसिद्ध करण्याचा निर्णय आधी जाहीर व्हावा. दलित आणि आदिवासी संघटनांनी ही मागणी आपल्या व्यासपीठावरून केली आणि अपंगांच्या संघटना ती घेऊन त्यांच्यासोबत जिल्हाधिकारी कार्यालयासमोर बसल्या, तर त्या मागणीला कुणी सहज बाजूला सारू शकणार नाही.